‘रशमीअर’ : बँजो परतला, पण चढण कुठं गेली?

बर्डीवाला (धागाकर्ता)

मम्फर्ड अँड सन्स या ब्रिटिश फोक-रॉक बँडचा ‘रशमीअर’ हा अल्बम २८ मार्च २०२५ ला आला. आधीचा ‘डेल्टा’ नोव्हेंबर २०१८ चा, म्हणजे मधे सहा वर्षांहून जास्त काळ गेला. २०२१ मध्ये बँजो वाजवणारा विन्स्टन मार्शल बाहेर पडला, त्यानंतर बँडच्या नावानं आलेला हा पहिला अल्बम. आता तिघंच आहेत : मार्कस मम्फर्ड, बेन लव्हेट, टेड ड्वेन. दहा गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. नागपूरहून रामटेकला निघालो आणि कन्हान ओलांडून मनसरकडं जाता जाता संपलासुद्धा.

आता माझं मत. आवाज परत आला. लाकडी गिटार, बँजो, एकात एक मिसळलेले गळे, सगळं आहे. ‘वाइल्डर माइंड’च्या वेळी (२०१५) बँजो काढला तेव्हा ज्याच्यासाठी आपण ओरडलो ते सगळं ताटात वाढलं आहे. तरी पोट भरत नाही, आणि कारण माझ्या मते बँजोत नाहीच. कारण गाण्याच्या चढणीत आहे. ‘साय नो मोअर’ मधलं गाणं (२००९ चा अल्बम, नव्यांसाठी सांगतो) खालच्या पट्टीत, जवळपास बोलल्यासारखं सुरू व्हायचं. मग एक वाद्य यायचं, मग दुसरं. तिसऱ्या मिनिटाला मार्कसचा पाय बास ड्रमवर पडायचा आणि शेवटी चौघंही छाती फोडून गायचे. त्या वाटेवरून आपल्यालाही वर नेलं जायचं.

‘रशमीअर’मध्ये ही वाट पूर्ण चालणारं गाणं मला एकच सापडलं : ‘मालिबू’. सुरुवातीला गळा आणि गिटार, बऱ्याच उशिरानं बँजो, आणि तो आल्यावर गाणं खरंच उचललं जातं. ‘कॅरोलाइन’ नीटनेटकं आहे, गाडीत छान वाटतं, पण ते दुसऱ्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. शीर्षकगीत धावतं, पण पहिल्या सेकंदापासूनच धावतं. चढायला त्यानं जागाच ठेवली नाही.

तुमचं काय? ज्यांनी पूर्ण ऐकला त्यांनीच लिहा, प्लीज. दोन सिंगल ऐकून निकाल नको.

सहातारी

भाऊ, मी पूर्ण ऐकला आणि मला हा त्यांचा ‘बेबल’नंतरचा (त्यांचा दुसरा अल्बम) सगळ्यात प्रामाणिक अल्बम वाटला. तुम्ही चढण शोधताय, तीच मुळात या वेळी त्यांना करायची नव्हती.

या अल्बमसाठी निर्माता डेव्ह कॉबकडं का गेले ते बघा. ख्रिस स्टेपलटनचा ‘ट्रॅव्हलर’, जेसन इस्बेलचा ‘साउथईस्टर्न’, ब्रँडी कार्लाइलचा ‘बाय द वे, आय फर्गिव्ह यू’ हे त्याचं काम. त्याची पद्धत अशी की सगळे एका खोलीत बसतात, एकत्र वाजवतात, आणि जो टेक जिवंत वाटतो तो ठेवतात. गळा कुठं चिरकला, तारेवर बोट घसरलं, राहू दे. नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये बराच भाग रेकॉर्ड झाला आहे. ‘मोनोक्रोम’ ऐका. बोटं तारेवरून सरकतात तो आवाज येतो, ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास येतो. ‘डेल्टा’त हे सगळं धुऊन टाकलं होतं.

आणि एक विनंती. एप्रिल आहे, घरोघरी कूलर सुरू झालेत. कूलरच्या घरघरीत ‘मोनोक्रोम’ आणि ‘अँकर’ ऐकून मत बनवू नका. आमच्याकडं क्लासच्या खोलीत कूलर बंद करून ऐकवलं तेव्हा पोरांना पहिल्यांदा कळलं की ‘मोनोक्रोम’मध्ये अंगठा एक चाल चालवतोय आणि बाकीची बोटं दुसरी. घामाघूम होऊन ऐकलं त्यांनी, पण लावा म्हणून पुन्हा मागितलं.

काटोलरोड

मले नाही आवडला. स्पष्टच सांगतो.

बर्डीवाला भाऊनं बराच सौम्य लिहिला. अबे, या बँडचं गाणं लागलं की हॉस्टेलच्या गॅलरीत पोरं उभी राहून पाय आपटत होती. शब्द निम्म्यांले येत नव्हते, तरी आपटत होती. आता ‘रशमीअर’ लावला तं त्याच जुन्या मित्रांपैकी एकानं विचारलं, हे बॅकग्राउंडले चालू दे ना, बोलता येते. बोलता येते! मम्फर्ड लागला असताना कोणी बोलू शकते, यातच सारं आलं.

‘ट्रुथ’ तेवढं जबर आहे. त्यात दात आहेत. अशी अजून चार असती तं वेगळी गोष्ट होती.

अंबाझरी_७

काटोलरोड दादा, ‘ट्रुथ’बद्दल एकदम सहमत. तो गिटारचा रिफ अंगावर येतो.

पण मी ‘वाइल्डर माइंड’पासून या बँडकडं आले, त्यामुळं माझं थोडं वेगळं आहे. तेव्हा बँजो पूर्ण काढला, इलेक्ट्रिक गिटार घेतल्या, जेम्स फोर्डला निर्माता घेतलं, तर लोक म्हणाले यांनी स्वतःला विकलं. आता बँजो परत घेतला तर म्हणताय जुनंच वाढलं. मग त्यांनी करायचं तरी काय? पहिले दोन अल्बम बावीस-पंचविशीतल्या पोरांचे होते. आता ते चाळिशीकडं झुकलेत. माणूस चाळिशीतही प्रत्येक गाण्याच्या शेवटी ओरडला तर ते खोटं वाटेल. ‘सरेंडर’ आणि ‘कॅरी ऑन’ मध्ये जी थकलेली, तरी न मोडलेली गत आहे, ती मला पंचविशीत कळलीच नसती.

बर्डीवाला

अंबाझरी ताई, ओरडा असं मी म्हटलंच नाही. हळू गाणंही चढू शकतं. ‘व्हेअर इट बिलाँग्ज’ घ्या. इतकी सुंदर सुरावट, दुसऱ्या कडव्यानंतर वाटतं आता काहीतरी उघडणार, आणि ते तिथंच गोल फिरून संपतं. माझी तक्रार आवाजाच्या पातळीची नाही. गाणं जिथं सुरू झालं तिथून कुठं पोचलं, एवढंच मी विचारतोय.

मोझरीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी रॉकवाला माणूस नाही. मोझरी गुरुकुंजाच्या परिसरात वाढलो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आणि खंजिरी यांच्यातच कान तयार झाले. मुलगा नागपुरात शिकतो, त्याच्या फोनवर हा बँड ऐकला.

बर्डीवाला भाऊ ज्याला चढण म्हणतात ती आमच्या भजनी मंडळातल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. भजन ठाय लयीत उठतं. मुख्य गायक एक ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. पेटी आणि टाळ आधीपासून असतात, पण खंजिरीवाला राखून वाजवतो. मग कडव्याकडव्यानं लय सरकते. शेवटच्या गजरात दुगुन, म्हणजे दुप्पट लय होते, आणि त्या वेळी खंजिरीच्या चकत्या आणि टाळ यांचा आवाज वेगळा काढता येत नाही. लोक तेव्हाच उभे राहतात. कोणी सांगत नाही उभे राहा म्हणून.

आता यात एक बारीक गोष्ट आहे. दुगुन चढते ती मागचे लोक ओळ उचलतात म्हणून. एकट्या गायकानं लय वाढवली तर ती नुसती घाई होते. मुलानं मला जुनी गाणी ऐकवली, त्यात मागचे आवाज मार्कसच्या बरोबरीनं येतात, काही ठिकाणी त्याच्या अंगावर येतात. नव्या अल्बमात ते मागं, खाली, अदबीनं उभे आहेत. गायक पुढं आणि साथ मागं, अशी मांडणी आहे. चढण हरवली असेल तर माझ्या कानाला ती तिथं हरवली.

सहातारी

मोझरीकर काका, हे वाचून मी उठून पुन्हा दोन्ही अल्बम लावले. तुमचं म्हणणं पटलं. ‘साय नो मोअर’चं शीर्षकगीतच चौघांच्या गळ्यांनी उघडतं. ‘रशमीअर’मध्ये मार्कसचा गळा जवळ आणि एकटा ठेवलाय. कॉबच्या इतर रेकॉर्डवरही गायक असाच तोंडासमोर बसल्यासारखा असतो. स्टेपलटनला ते शोभतं, कारण ती एका माणसाची गाणी आहेत. बँडला शोभतं का, हा प्रश्न आता मलाही पडलाय.

पण बँजोबद्दल थोडं लिहितो, कारण ‘बँजो परतला’ इतकंच म्हणून सगळे सोडून देतात. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार बाकीच्या चारांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी वर डोक्याशी नसते, दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्याजवळ असते. ती तार उंच सुरात लावलेली असते आणि अंगठा तिच्यावर पुन्हापुन्हा पडत राहतो, चाल बदलली तरी. शिवाय पोटाला लाकडी फळीऐवजी ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला पडदा. त्यामुळं सूर खणकन येतो आणि लगेच मरतो. गिटारचा सूर रेंगाळतो, बँजोचा रेंगाळत नाही. म्हणून बँजोवाल्याला सतत वाजवत राहावं लागतं, एका मात्रेत चार चार सूर. ती दौड वाद्याच्या घडणीतूनच येते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी अमेरिकेत हे वाद्य घडवलं, तेव्हापासून ते नाचाचं आणि सामूहिक गाण्याचं वाद्य आहे.

‘रशमीअर’ या गाण्यात बँजो हे काम करतो. बाकी अल्बमात तो पुष्कळदा रंगापुरता आहे, एखादी ओळ, एखादा शिडकावा. म्हणजे बँजो परतला हे खरं, पण गाडा ओढायचं काम त्याला दिलेलं नाही. ते काम आता सरळ ड्रम किटकडं आहे. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी वेगळा ड्रमर ठेवलेलाच नव्हता, मार्कस गाता गाता, गिटार वाजवता वाजवता पायानं बास ड्रम मारायचा. त्यामुळं ठोका साधा, जड, पावलासारखा पडायचा. काटोलरोडच्या हॉस्टेलमधली पोरं त्याच पायाबरोबर पाय आपटत होती.

काटोलरोड

हे पाय्‌, आता समजलं मले काय झालं ते. धन्यवाद सहातारी भाऊ.

शब्दवेडी

वाद्यांवरच सगळी चर्चा चालली आहे, शब्दांकडं कोणी बघेना म्हणून लिहितेय.

माझी खरी निराशा शब्दांत आहे. पहिल्या अल्बमचं नावच शेक्सपिअरच्या ‘मच अडो अबाउट नथिंग’ मधून आलेलं. त्यातल्या ‘द केव्ह’मध्ये होमरच्या ओडिसीतल्या, गाण्यानं खलाशांना भुलवणाऱ्या सायरनची आठवण येते. मार्कसचे आईवडील ब्रिटनमधल्या व्हिनयार्ड चर्चच्या नेतृत्वातले, त्यामुळं बायबलची भाषा त्याच्या ओळींत रक्तातून आल्यासारखी यायची, आणि त्याच भाषेशी तो भांडायचा. देव, लाज, क्षमा हे सगळं एका प्रेमभंगाच्या गाण्यात मावायचं. ऐकणाऱ्याला थांबून शोधावं लागायचं.

नव्या अल्बमात ओळी गुळगुळीत झाल्यात. नांगर, प्रकाश, अंधार, वाट, घर. यातलं काहीच वाईट नाही, पण डोळ्यासमोर एक ठराविक जागा, एक ठराविक माणूस उभा राहत नाही. सगळ्यात जास्त हळहळ शीर्षकगीताची. रशमीअर हे विम्बल्डन कॉमनवरचं तळं, तिथं हे पोरं लहानपणी जमायचे. खरी जागा, खरी पोरं! मला त्या तळ्याचं पाणी बघायचं होतं, तिथली ओली माती, कोण कुणाची सायकल घेऊन आलं होतं ते. गाण्यात फक्त ‘ते दिवस’ आहेत.

‘कॅरी ऑन’ मात्र याला अपवाद. तिथं तो मूळ पापाच्या (माणूस जन्मतःच पापी या ख्रिस्ती) कल्पनेला थेट हात घालतो आणि ती नाकारतो. चर्चच्या घरातल्या मुलानं हे म्हणणं साधी गोष्ट नाही. अल्बमचा शेवट त्याच गाण्यावर केला हे त्यांनी योग्यच केलं.

अंबाझरी_७

शब्दवेडी, ‘ब्लड ऑन द पेज’ पण ऐक ना नीट. पाहुण्या गायिकेचा, मॅडिसन कनिंगहॅमचा गळा येतो तेव्हा ते गाणं एकट्याचं कबुलीजबाबाचं राहत नाही, दोघांमधलं होतं. शब्द कमी आहेत पण मधल्या जागा बोलतात.

शब्दवेडी

ऐकलं. गळा सुंदर. शब्दांबद्दल माझं मत तेच.

जरीपटका_रॉक

सगळे एक गोष्ट टाळत आहेत. मार्शल गेला म्हणून हे झालं. बँडची धार त्याच्यात होती. त्याला घालवला आणि आता मऊ भात खा.

बर्डीवाला

घालवला नाही. २०२१ च्या मार्चमध्ये एका वादग्रस्त पुस्तकाचं त्यानं कौतुक केलं, टीका झाली, त्यानं माफी मागितली, आणि जूनमध्ये स्वतः लिहून जाहीर केलं की मला राजकारणावर मोकळेपणानं बोलायचं आहे, त्याचा त्रास मित्रांना नको, म्हणून मी बाहेर पडतो. त्याच्या राजकारणाची चर्चा या धाग्यावर नको, त्याला दुसरे धागे आहेत.

संगीतापुरतं बोलायचं तर ‘वाइल्डर माइंड’ आणि ‘डेल्टा’ दोन्हींत मार्शल होता. ते अल्बम आले तेव्हाही आपण इथंच ‘धार गेली’ म्हणत होतो. मग धार त्याच्याबरोबर गेली हे कसं जुळतं?

जरीपटका_रॉक

वाजवणारा होता, बँजो काढून घेतला होता. मुद्दा तोच आहे. तरी ठीक आहे, हा विषय थांबवतो.

जयताळा

भारताशी जोडलेली एक गोष्ट इथं कोणीच आणली नाही, आणि मोझरीकर काकांच्या पोस्टनंतर ती आणलीच पाहिजे.

२००९ च्या डिसेंबरात हे लोक इंग्लिश गायिका लॉरा मार्लिंगबरोबर दिल्लीत होते, आणि राजस्थानी कलावंतांच्या धरोहर प्रोजेक्टसोबत त्यांनी चार गाण्यांची ईपी (छोटा अल्बम) रेकॉर्ड केली. २०१० मध्ये ती आली. चार गाण्यांपैकी ‘टू डार्कनेस/कृपा’ आणि ‘अनमोल रिश्ते’ ही दोन नक्की ऐका. राजस्थानी गळे वर चढतात आणि यांचे गळे खालून त्यांना धरतात. कोणी कोणाची साथ करत नाही, सगळेच गातात. काका म्हणतात तो ‘मागच्यांनी ओळ उचलणं’ हा प्रकार इथं कानाला पकडता येतो.

मला वाटतं हा बँड सगळ्यात मोठा तेव्हाच वाटतो जेव्हा खोलीत त्यांच्यापेक्षा जास्त माणसं असतात. ‘रशमीअर’ तिघांचा अल्बम आहे आणि तो तिघांचाच ऐकू येतो. तीन जुने मित्र पुन्हा भेटले, जपून वाजवत आहेत, एकमेकांना दुखवायचं नाही. ते ऐकायला मला आवडलं. पण ‘बेबल’ला २०१३ मध्ये ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार मिळाला तेव्हाच्या बँडची अपेक्षा याच्याकडून करू नये.

मोझरीकर

जयताळा भाऊ, ‘अनमोल रिश्ते’ आत्ता ऐकलं. दोनदा ऐकलं. मुलाला म्हटलं हे मला आधी का नाही दिलं. ढोलक सुरू होते ना, तिथून पुढं मान आपोआप हलते. आमच्या मंडळात शुक्रवारी ऐकवणार आहे.

बर्डीवाला

जयताळा, ‘खोलीत त्यांच्यापेक्षा जास्त माणसं’ यावर मी अडून बसलोय. मग प्रत्यक्ष कार्यक्रमात ‘रशमीअर’ची गाणी बदलतील. समोर हजारो लोक ओळ उचलतील तेव्हा ‘सरेंडर’ला ती चढण मिळेल जी स्टुडिओत दिली नाही. ‘मालिबू’ला तर नक्कीच. ‘व्हेअर इट बिलाँग्ज’बद्दल मला अजून शंका आहे, ते गाणं मुळातच छोटं लिहिलंय.

आपल्याकडं असा कार्यक्रम होणं कठीण. रेशीमबागेत सुरेश भट सभागृहासारखी मोठी जागा आहे, वसंतराव देशपांडे सभागृहात शास्त्रीय संगीताला भरगच्च गर्दी होते. ऐकणारे कान या शहरात कमी नाहीत. अकूस्टिक वाजवणारी स्थानिक पोरंही चांगली आहेत, त्यांना मात्र कॅफेच्या कोपऱ्यात, मिक्सरच्या घरघरीत आणि ऑर्डरच्या हाकांत वाजवावं लागतं. मग ती पोरंही हळूहळू सुरुवातीलाच मोठ्यानं वाजवायला शिकतात, कारण हळू सुरू केलेलं गाणं तिथं कोणाला ऐकूच जात नाही. हे मला फार लागतं.

सहातारी

अगदी खरं. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी याच कारणासाठी कॅफेत वाजवणं सोडलं. आता एकाच्या घराच्या गच्चीवर महिन्यातून एकदा जमतात, माइक नाही, स्पीकर नाही. पुढच्या वेळी ‘मालिबू’ बसवत आहेत. बँजो नाही म्हणून त्याचा भाग मँडोलिनवर घेतलाय. दौड येते, खणक येत नाही. काय करता येईल ते बघतोय.

मोझरीकर

खंजिरी घ्या. हलकी, चकत्या थोड्या सैल. मुलाबरोबर पाठवतो.

चंद्रपूर_नवा

नमस्कार मंडळी. मी हा बँड आजवर ऐकलेलाच नाही, धागा मात्र शेवटपर्यंत वाचला. सुरुवात कुठून करू? ‘रशमीअर’पासून केली तर चालेल का?

सहातारी

चालेल की. ‘मोनोक्रोम’पासून करा, कूलर बंद ठेवून.

काटोलरोड

नाही भाऊ, ऐक माझं. ‘साय नो मोअर’ आधी, मग ‘बेबल’. उभा राहून ऐक. ‘रशमीअर’ त्यानंतर. उलटं केलं तं तुले समजणारच नाही आम्ही इथं कायले भांडून राहिलो.

अंबाझरी_७

आणि ‘वाइल्डर माइंड’ गाळू नका. ही मंडळी गाळायला सांगतील.